हमी आणि आळस

कांहीं वाक्यें अशीं असतात कीं, त्यांचा कर्ता कोणालाच ठाऊक नसतो आणि तीं खरीं आहेत किंवा नाहींत हें तपासण्याची गरजही कोणास भासत नाहीं. 'सरकारनें घरबसल्या पोसायला सुरुवात केल्यापासून माणसें कामाला येईनाशीं झालीं' हें त्यांपैकीं एक. नायगांवच्या बाजारांत तें ऐकूं येतें, कॉलेजांतील प्राध्यापकांच्या खोलींत ऐकूं येतें, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर आमच्या स्वतःच्या ओसरीवरही तें अनेकदां उच्चारलें गेलें आहे. ग्रंथांचें परीक्षण करणें हा आमचा व्यवसाय. तेव्हां एखाद्या ग्रंथाइतक्याच काळजीनें या एका वाक्याचें परीक्षण करावें, असें आम्हीं योजिलें आहे.

समीक्षकानें प्रथम शब्द पाहावे. 'घरबसल्या' हा या वाक्याचा प्राण आहे. काम गेलेल्या माणसास ठराविक काळ रोख भत्ता मिळावा, अशी इंग्लंड-अमेरिकेसारखी सोय आपल्या खेड्यांतील मजुरास कधींच नव्हती. महाराष्ट्रानें दिली ती कामाची हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारांतून १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर पसरली. १९७७ सालीं कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. हमी मागणाऱ्यानें उन्हांत खडी फोडावी, पाझर तलावाची माती वाहावी, नालाबांध घालावा आणि मोजमाप झाल्यावर दाम घ्यावा, असा तिचा रिवाज. भत्त्याची तरतूद होती; परंतु ती सरकारला काम देतां आलें नाहीं तरच लागू होई, आणि मूळ कायद्यांतील तिचा किमान दर दिवसाला एक रुपया होता! एका रुपयावर खुशाल घरीं बसून राहणारा पुरुष आम्हीं तरी पाहिलेला नाहीं.

माणशी दरमहा ५ किलो मोफत धान्य, आणि २०२४ सालीं सुरू झालेले महिलांच्या खात्यावरचे दरमहा १५०० रुपये, ही मदत मात्र खरोखरच घरीं आली, हें मान्य केलें पाहिजे. परंतु १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्यांत तेलमिठाची सोय होईल. मुलाची फी किंवा सासूचें औषध त्यांत बसत नाहीं.

शब्दांनंतर परंपरा पाहावी. हा आरोप आपल्याकडे उपजलेला नाहीं. १८३४ च्या इंग्लंडांतील गरिबांच्या कायद्यामागें असें तत्त्व होतें कीं, मदत घेणाराची स्थिति हलक्यांतील हलक्या मजुराच्या स्थितीहूनही वाईट राहिली पाहिजे. एरवीं तो कामावर परतणार नाहीं. हेंच तत्त्व १८७७ सालीं दख्खनच्या दुष्काळांत येऊन पोंचलें. सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरी उतरविली. धडधाकट पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडी रोकड, एवढीच ती ठरली. मजुरी सढळ असली तर गरज नसलेलीही माणसें गोळा होतात, हें त्यांचें म्हणणें. मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं ही मजुरी नाकारून कामेंच सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. आमचें नायगांव त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें. तें राज्य गेलें, टेंपलसाहेब गेले, पण त्यांचें वाक्य आमच्या ओसरीवर अजून नांदत आहे.

आतां पुरावा. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत जवळजवळ ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. सरकारी कामाची चटक लागते असें म्हणणाऱ्यांनीं यापेक्षां मोठी परीक्षा कोणती मागावी? पाऊस लागला आणि हीं माणसें आपापल्या शेतांकडे व शेतमजुरीकडे परतलीं. कामांवरची हजेरी झपाट्यानें उतरली.

याहूनही बोलका पुरावा १९८८ चा आहे. त्या सालीं रोजगार हमीच्या कामावरील दर किमान वेतनाच्या बरोबरीस आणले गेले आणि ते जवळजवळ दुप्पट झाले. आमच्या वाक्याप्रमाणें पाहतां शेतें ओस पडून हमीच्या कामांवर झुंबड उडावयास हवी होती. प्रत्यक्षांत तेथील हजेरी घटली! मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत याचें कारण दाखविलें: मागणी कमी झाली नव्हती, कामें कमी काढलीं जात होतीं. हात आंखडता घेतला तो सरकारनें.

रोख भत्त्याची कसोटी हवी असेल तर ती अमेरिकेंत मिळते. २०२० सालीं करोनाच्या सांथींत तेथील सरकारनें बेकारभत्त्यावर दर आठवड्यास ६०० डॉलरची भर घातली. निम्म्याहून अधिक लोकांस पूर्वीच्या पगारापेक्षां जास्त रक्कम मिळूं लागली. जुलैअखेर ही भर थांबली, तेव्हां लोक झुंडीनें कामावर परतले नाहींत. पुढें झालेल्या अनेक अभ्यासांत भत्त्याचा कामावर परतण्यावर परिणाम दिसला खरा, पण तो भाकितांच्या मानानें अल्प होता. म्हणजे वाक्य सर्वस्वीं खोटें नाहीं. त्यांत पसाभर सत्य आहे आणि तें खंडीभर म्हणून विकलें जातें.

आतां आमचीच गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आश्विनांत आमच्या चार एकर सोयाबीनच्या काढणीस माणसें मिळेनात. आभाळ भरून येत होतें. शेंगा तडकूं लागल्या होत्या. तें सुप्रसिद्ध वाक्य त्या दिवसांत आमच्या तोंडीं किती वेळां आलें असेल, तें घरची मंडळी सांगतील. मागाहून चौकशी केली, तेव्हां कळलें कीं, त्या महिन्यांत आमच्या शिवारांत एकही सरकारी काम चालू नव्हतें. माणसें बांधापलीकडच्या शिवारांत गुत्त्यानें काढणी करीत होतीं. आम्ही रोजानें पैसे देत होतों, तेथें एकराच्या हिशेबानें मिळत होते. पूर्वीं आमच्याकडे नेहमीं येणाऱ्या एका वृद्ध बाईस आम्हीं थोडें रागानेंच विचारलें. ती म्हणाली, "काम कुठं सोडलं, मालक? तुमचं तेवढं सोडलं."

या उत्तरानें आमच्या वाक्याचें व्याकरण उघडें पडलें. 'कामाला येत नाहीं' या शब्दांत कोणाच्या, कोणत्या आणि किती दामाच्या कामाला, हें सारें अध्याहृत असतें. मुखेड-कंधारकडील जीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीस जातात, तीं 'येत नाहींत' अशी तक्रार सहसा ऐकूं येत नाहीं. कारण मुकादमाची उचल त्यांच्या माथ्यावर असते. हमीनें मजुरास आळस दिला नाहीं. नको त्या कामास 'नको' म्हणण्याचें थोडेंसें बळ दिलें. आमच्या मतें खरें भांडण या बळाविषयीं आहे.

तें बळ कोणास तरी महाग पडतें, हेंही लपवितां कामा नये. गुत्त्याचा दर देऊन आम्हीं काढणी उरकली, तेव्हां हातीं फारसें राहिलें नाहीं. आम्हांस निदान पगार होता. ज्याचें पोटच दोन एकरांवर आहे आणि ज्याच्या सोयाबीनला भाव नाहीं, त्यानें काय करावें? त्याचें दुःख खरें आहे. परंतु त्यास आपण हमीभाव देऊं पाहतों, तेव्हां तो आळशी होईल असें कोणी म्हणत नाहीं. शब्द तोच, हमी. मग शेतकऱ्याच्या घरीं ती न्याय आणि मजुराच्या घरीं ऐतखाऊपणा कशी ठरते? आणि आमचा दरमहाचा कायम पगार ही हमी नव्हे तर दुसरें काय? त्यामुळें आमचें अध्यापन बिघडलें, असें म्हणण्याची छाती अद्याप कोणीं केलेली नाहीं.

संसदेनें डिसेंबर २०२५ मध्यें संमत केलेल्या नव्या कायद्यांत हमीचे दिवस १०० वरून १२५ केले गेले, आणि त्याबरोबरच पेरणी-काढणीच्या हंगामांत वर्षाकांठीं एकूण ६० दिवसांपर्यंत कामें बंद ठेवण्याची तरतूदही घातली गेली. आमचें जुनें वाक्य असें कायद्यांत जाऊन बसलें आहे. आमची वाचकांस एवढीच विनंति कीं, या तरतुदीचा निकाल लावतांना शेतावर किती माणसें आलीं एवढेंच मोजूं नये. त्या दिवसांत त्यांच्या हातावर किती दाम पडला, तेंही विचारावें. हमीच्या खर्चासाठीं १९७५ सालापासून पगारदारांच्या वेतनांतून व्यवसाय कर कापला जाऊं लागला. म्हणजे हा हिशेब आपल्याही घरचा आहे. तो पुरता मागण्याचा आपणांस अधिकार आहे.