क्रॉस्बी, बिंग

क्रॉस्बी, बिंग : (३ मे १९०३–१४ ऑक्टोबर १९७७). अमेरिकन गायक, चित्रपट-अभिनेता व नभोवाणीवरील विविधरंजनकार. मूळ नाव हॅरी लिलिस क्रॉस्बी. जन्म वॉशिंग्टन राज्यातील टकोमा येथे. पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदातील ‘ऱ्हिदम बॉइज’ या गायकत्रयीतून तो पुढे आला. १९३१ मध्ये सीबीएस या नभोवाणी-संस्थेवरून त्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. तथापि त्याची खरी कीर्ती एनबीसीवरील क्राफ्ट म्यूझिक हॉल या साप्ताहिक कार्यक्रमावर (१९३६–४६) अधिष्ठित आहे.

अल जोल्सनसारख्या पूर्वसूरींचे गायन रंगमंचावर घडलेले होते. प्रेक्षागृहातील शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविणे, हे त्याचे मुख्य प्रयोजन. नभोवाणीचा श्रोता मात्र आपल्या घरात, यंत्राजवळ बसलेला असे. क्रॉस्बीने हा भेद ओळखला व मायक्रोफोनजवळ मंद स्वरात, बोलण्याच्या ओघाने गाण्याची शैली सिद्ध केली. तिच्यातील लयीच्या मोकळेपणावर लुई आर्मस्ट्राँग या कृष्णवर्णीय जॅझ-कलावंताचे ऋण स्पष्ट दिसते.

त्याच्या निवेदनातील सहजता श्रोत्यांना उत्स्फूर्त वाटे. वस्तुतः क्राफ्ट म्यूझिक हॉलमधील संवाद कॅरल कॅरल हा लेखक क्रॉस्बीची बोलण्याची ढब हेरून लिहीत असे. प्रत्यक्ष प्रक्षेपणाचे बंधन क्रॉस्बीला जाचक वाटू लागले आणि एनबीसी पूर्वमुद्रणास अनुकूल नव्हती. म्हणून १९४६ मध्ये तो एबीसीकडे गेला. तेथील फिल्को रेडिओ टाइम हा कार्यक्रम आरंभी तबकड्यांवर मुद्रित होई. पण त्यांचा ध्वनी निकृष्ट असे. ऑक्टोबर १९४७ पासून जॅक मलिनने जर्मनीतून आणलेल्या यंत्रांवर ध्वनिफितींचा वापर सुरू झाला. फीत कापून जोडता येत असल्याने चुका गाळणे शक्य झाले. क्रॉस्बीने अँपेक्स या यंत्रनिर्मात्या कंपनीस अर्थसाहाय्यही केले.

या तंत्रामुळे प्रक्षेपणातील जोखीम व तिच्यातून येणारा ताजेपणा उणावला, हा आक्षेप रास्त आहे. मात्र क्रॉस्बीच्या अनौपचारिकतेस केवळ कृत्रिम ठरविणे योग्य नव्हे. ती प्रथमपासूनच रचलेली होती. ध्वनिफितीने त्या रचनेस अधिक अचूक साधन दिले, एवढेच. त्याच्या गीतांची निवड पुष्कळदा सामान्य असे. तरीही लाखो श्रोत्यांपैकी प्रत्येकाला आपल्याशीच कोणी बोलत आहे असे वाटायला लावणे, ही नभोवाणीची खास कला त्याच्याइतकी थोड्यांनाच साधली.