यादी एक, पण संमती?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात अभ्यासक्रम ठरतो आणि लातूरच्या संलग्न महाविद्यालयांत शिकवला जातो. एका रेपॉझिटरीत दहा जावास्क्रिप्ट प्रकल्प असले, की पीएनपीएमचा ‘कॅटलॉग’ हेच काम करतो. २०२४ साली आलेली ही सोय. पॅकेजची आवृत्ती एकाच फाइलीत लिहायची; प्रत्येक प्रकल्प तिचा फक्त हवाला देतो.

सोय चांगली आहे, वाद नाही. एकाच ॲपमध्ये रिॲक्टच्या दोन प्रती आल्या, की हुक्स मोडू शकतात. सारखं असणं आणि एकच असणं यांतला जो भेद आम्ही वर्गात शिकवत आलो, तो इथं यंत्रालाही चुकत नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. यादी एक झाली म्हणजे संमती झाली, असं नव्हे. आकडा बदलतो एकजण, मोडतं दहा ठिकाणी. अभ्यासक्रम बदलला तरी जुन्या विद्यार्थ्यांची परीक्षा काही काळ जुन्यावरच घ्यावी लागते ना? कॅटलॉगातही वेगळ्या नावाची दुसरी यादी ठेवता येते. ठेवा, पण ती कधी बंद करायची, हेही तेव्हाच ठरवा. नाहीतर अपवादच नियम होऊन बसतो. आणि आकडा बदलण्याआधी दहाही प्रकल्पांच्या चाचण्या चालवा. ज्याचं मोडणार, त्याला आधी विचारा.