ऐकून शिकलेली लेन्स

गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी बघायच्या तर तिरपं ऊन गाठावं लागतं. ऊन डोक्यावर आलं की काळा पाषाण सपाट दिसू लागतो. कलत्या उन्हात मात्र कमरेचं वळण वेगळं होतं, दागिन्याच्या कडेला सावलीची बारीक रेघ उमटते. अशाच एका सकाळी माझा कॅमेरा अडून बसला.

लेन्स फिल्मच्या काळातली, जुन्या बाजारातून घेतलेली. बॉडी नव्या जमान्यातली डिजिटल, वेगळ्या कंपनीची. एफ/२.८ वर कितीही फोटो काढा, तक्रार नाही. पण मूर्तीला खोली असते. एफ/२.८ वर नाक रेखीव येतं आणि मागे नेलेला हात विरघळतो, म्हणून मी एफ/८ लावलं. बटण दाबलं, खट् झालं, आणि पडद्यावर एररचा संदेश आला. बंद करून चालू केलं. एफ/२.८ वर फोटो आला. एफ/८ वर पुन्हा तेच.

त्या बिघाडाकडे मी कितीतरी वेळ बघत राहिलो, कारण तो फार नेमका होता. नादुरुस्त वस्तू सहसा सगळीकडूनच कुरकुरते. ही लेन्स फोकस करत होती, उजेड मोजू देत होती, नंबरही बरोबर दाखवत होती. अडत होती ती एकाच शब्दावर.

तो शब्द कोणता, हे कळायला फोटो निघण्याचा क्षण सावकाश वाचावा लागतो. व्ह्यूफाइंडरमधून आपण बघतो तेव्हा ॲपर्चर पूर्ण उघडं असतं. एफ/८ लावलं तरी उघडंच, म्हणजे डोळ्याला भरपूर उजेड मिळतो. बटण दाबलं की आरसा वर उठतो, लेन्सला हुकूम जातो, ॲपर्चरची पाती एफ/८ इतकी मिटतात, शटर उघडून बंद होतं, पाती पुन्हा उघडतात, आरसा खाली येतो. हे सगळं डोळा लवायच्या आत. माझ्या लेन्सचं सर्वांत मोठं ॲपर्चर एफ/२.८. त्या नंबरवर पात्यांना हलावंच लागत नाही. म्हणजे बिघाड राहत होता तो या साखळीतल्या एका कडीत: ‘मीट’ हा हुकूम आणि ‘मिटले’ हे उत्तर यांच्या मधल्या जागेत.

पूर्वी ही जागाच नव्हती. १९५९ मध्ये आलेल्या निकॉनच्या एफ माउंटमध्ये बॉडीतली दांडी लेन्सच्या दांडीला हलवायची आणि पाती मिटायची. धातू धातूशी बोलायचा. त्यात गैरसमजाला वाव कमी. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला आणि दांडी काढूनच टाकली. फोकसची मोटर लेन्समध्ये, ॲपर्चरची मोटर लेन्समध्ये, आणि बॉडीशी नातं फक्त सोनेरी मुलाम्याच्या कॉन्टॅक्टमधून जाणाऱ्या विजेच्या इशाऱ्यांचं. हे धाडस मोठं होतं, कारण त्या दिवशी कंपनीच्या स्वतःच्या जुन्या लेन्स नव्या बॉडीला परक्या झाल्या. आणि त्याच दिवशी कॅमेऱ्याला एक खासगी भाषा मिळाली.

दुसऱ्या कंपन्यांना ती भाषा कुणी शिकवली नाही. त्यांनी ऐकली. मूळ लेन्स आणि बॉडी काय बोलतात ते तारांवर टिपलं, कोणत्या इशाऱ्याला कोणतं उत्तर जातं ते ताडलं, आणि आपल्या लेन्सला तसं बोलायला लावलं. मला यात परभणीचा बाजार दिसतो. निजामाच्या काळी आमच्या भागात शाळा उर्दूतून होती. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसंही बाजारात उभं राहून दखनी शिकली, तिच्यात भाव केला, भांडण केलं, पाहुणचार केला. व्याकरण कुणी सांगितलं नव्हतं. कचेरीतून एखादा कागद आला, न ऐकलेला शब्द आला, की तेवढ्यापुरती जीभ थबकायची. माझी लेन्स तशीच थबकली होती. तिच्या काळात जी वाक्यं बोलली जात, ती तिला पाठ होती. नव्या बॉडीने हुकूम जरा वेगळ्या ढंगाने दिला आणि तिला तो उमगला नाही. लेन्स बनवणाऱ्याच्या कारागिरीतला हा दोष मी मानत नाही. नुसतं ऐकून इतकं शिकता येतं, याचंच मला अप्रूप वाटतं.

अर्थात हा निष्कर्ष लगेच काढायचा नसतो. आधी कॉन्टॅक्ट. काळ्या मातीची धूळ कुठेही शिरते. मऊ, कोरड्या कापडाने हलकेच पुसावं. खोडरबर घासू नये, मुलामा झिजतो आणि चुरा आत पडतो. माझे कॉन्टॅक्ट स्वच्छ होते, एरर तसाच. मग बॉडीवरचं प्रिव्ह्यूचं बटण. हे बटण शटर न उडवता फक्त पाती मिटवायला सांगतं. ते दाबलं तरी पाती हलली नाहीत. शटर निर्दोष सुटलं. शेवटची परीक्षा सर्वांत देखणी: तीच लेन्स त्याच माउंटच्या जुन्या फिल्म बॉडीवर लावायची. लावली. एफ/८ ठेवून प्रिव्ह्यू दाबलं, समोरून बघितलं, आणि पाती एकमेकींवर सरकत नेटकं भोक करून थांबली. मोटर ठीक, पाती ठीक, आतली तार ठीक. गेलं होतं ते फक्त संभाषण.

यावरचा खरा उपाय म्हणजे लेन्समधली चिप बदलणं, आणि इतक्या जुन्या लेन्सची चिप आता मिळत नाही. पुढच्या पिढीने हा धडा गिरवला. सिग्माने २०१२ मध्ये यूएसबी डॉक जाहीर केला, टॅमरॉनचं टॅप-इन २०१६ मध्ये आलं. लेन्स संगणकाला जोडायची आणि तिला नवे शब्द शिकवायचे. सोनीने तर २०११ मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना विनामूल्य द्यायचं ठरवलं. चोरून ऐकण्याची गरजच कमी झाली.

माझ्या लेन्सला मात्र मी वेगळ्या वाटेने नेलं. फिल्म बॉडीवर एफ/८ लावलं, प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरलं आणि तसंच धरून लेन्स फिरवून काढली. वीज तुटली, पाती होती तिथेच राहिली. कॉन्टॅक्टवर पातळ चिकटपट्टी लावली आणि लेन्स डिजिटल बॉडीवर चढवली. आता बॉडीला वाटतं, पुढे लेन्सच नाही. ती काही विचारत नाही, काही मागत नाही, शटर उडवून मोकळी होते.

पुन्हा धारासूरला गेलो. व्ह्यूफाइंडर अंधारलेला, कारण पाती कायमची मिटलेली. ऑटोफोकस नाही. डाव्या हाताने रिंग केसभर फिरवायची, थांबायचं, परत फिरवायची. डोळा अंधाराला सरावेपर्यंत मूर्ती दिसतच नाही. मग आधी खांद्याची कड येते, नंतर हनुवटी, आणि मागे नेलेला तो हात, बोटांच्या पेरांसकट.