धोका डोळ्यांना दाखवणारी चित्रफीत

मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे ज्वालामुखींचा अभ्यास करणारे फ्रेंच दांपत्य. १९८५ साली कोलंबियात नेवादो देल रुईझचा उद्रेक झाला, चिखलाच्या लोंढ्याखाली आर्मेरो हे गाव गाडले गेले आणि सुमारे २३,००० माणसे दगावली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता. त्याचा अर्थ मात्र लोकांपर्यंत पोहोचला नाही. ही दरी भरून काढण्यासाठी क्राफ्ट यांनी ज्वालामुखीच्या धोक्यांवर चित्रफीत तयार केली.

व्याख्या पाठ करून जे कळत नाही, ते येथे दिसते. उतारावरून धावणारे तप्त राख-वायूचे लोट पाहिले, की 'पळायला वेळ मिळेल का?' हा प्रश्नच उरत नाही. १९९१ साली फिलिपाईन्समधील पिनातुबोच्या उद्रेकाआधी तिची कच्ची प्रत अधिकाऱ्यांना आणि रहिवाशांना दाखवली गेली. हजारो लोक वेळीच हलले, त्यात तिचाही वाटा होता. क्राफ्ट पतिपत्नी मात्र ३ जूनला जपानमधील उन्झेन येथे अशाच लोटात मरण पावले होते.

एक उणीव जाणवते. भीषण दृश्यांपुढे राख पडणे किरकोळ वाटते. पण १५ जूनच्या महाउद्रेकात वादळी पावसाने राख भिजून जड झाली, छपरे कोसळली आणि त्या वेळचे बहुतेक मृत्यू त्यामुळेच झाले. म्हणून वर्गात चित्रफीत दाखवलीत, तर राखेच्या दृश्यापाशी थांबा. डबाभर चुलीतली राख आधी कोरडी व मग भिजवून मुलांना तोलू द्या. छपराचे गणित ती स्वतःच मांडतील.