हलकेपणाची स्मृती : ‘एकोंक’ या विद्युत क्रीडा-मोटारीच्या रूपाची समीक्षा

बीजसंज्ञा : विद्युत वाहन, रेट्रो रूप, वजन, स्मृती, रेंगी, शंकरपट

प्रस्तावना

वाहन ही केवळ दळणवळणाची सोय नसते. ज्या समाजात ते घडते, त्या समाजाच्या आकांक्षा, त्याची सौंदर्यदृष्टी आणि भूतकाळाशी असलेले त्याचे नाते वाहनाच्या घडणीत उमटलेले असते. म्हणूनच काव्य, शिल्प वा वास्तू यांच्याप्रमाणे वाहनाचीही समीक्षा होऊ शकते. मराठीत वाहनांविषयी जे लेखन होते ते प्रामुख्याने किंमत, इंधनखर्च आणि वेग या माहितीपुरते मर्यादित राहते. रूपाचा विचार क्वचितच होतो.

मुंबईच्या वझिरानी ऑटोमोटिव्ह या कंपनीने २०२१ मध्ये ‘एकोंक’ ही एकआसनी विद्युत क्रीडा-मोटार सादर केली. अत्यल्प वजन आणि जुन्या वेगविक्रमी गाड्यांची आठवण करून देणारी घडण ही तिची दोन ठळक वैशिष्ट्ये होत. ही स्मृती खरी आहे की केवळ वेष आहे, आणि ती कोणाची आहे, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात तपासले आहेत. त्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याच्या, पूर्णेच्या खोऱ्यातील तेल्हारा परिसराचा वाहनविषयक अनुभव निकष म्हणून घेतला आहे. महानगरात घडलेल्या वस्तूला ग्रामीण निकष लावणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु हलके आणि वेगवान वाहन ही कल्पना वऱ्हाडाला नवी नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

रेट्रो : स्मृती की वेष?

जुन्या वस्तूचे बाह्यरूप नव्या यंत्राला देण्याच्या पद्धतीस ‘रेट्रो’ म्हटले जाते. गोल दिवे, फुगीर चाकझाकणे, चकाकती धातूची पट्टी अशा खुणांनी पाहणाऱ्याच्या मनात गतकाळाविषयी ओढ निर्माण केली जाते. यात दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात जुने रूप हे नव्या यंत्रावर चढविलेले आवरण असते. ते काढून घेतले तरी यंत्राच्या कार्यात फरक पडत नाही. दुसऱ्या प्रकारात जुन्या वस्तूचा गुण नव्या वस्तूत उतरतो आणि रूप त्या गुणाच्या मागोमाग येते. पहिल्यास वेष आणि दुसऱ्यास स्मृती म्हणता येईल.

या संदर्भात पुण्याच्या बजाज चेतकचे उदाहरण उद्बोधक आहे. २०२० मध्ये चेतक विद्युत रूपात परत आली तेव्हा तिच्या वळणदार धातूच्या अंगामुळे एका पिढीला जुन्या स्कूटरची आठवण झाली. मात्र १९७२ ची मूळ चेतकही पूर्णतः स्वयंभू नव्हती. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याने बजाजने व्हेस्पा बनविली आणि तो करार संपल्यावर त्याच वळणाची स्कूटर ‘चेतक’ नावाने आली. रूप इटलीचे होते. तरीही ते आपले झाले, कारण समोर उभे मूल, मागे पत्नी आणि पायाशी भाजीची पिशवी घेऊन ती स्कूटर तालुक्याच्या गावांतून वर्षानुवर्षे धावली. रूप कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या वापरात आले, यावर त्याचे आपलेपण ठरते. हा निकष एकोंकलाही लावावा लागेल.

विद्युत मोटारीचा स्वतःचा भूतकाळ

विद्युत मोटार ही एकविसाव्या शतकातील वस्तू असल्याचा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटार विजेवर चालणारी होती. बेल्जियमच्या कामिय जेनात्सी यांनी २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळील आशेर येथे आपल्या गाडीने ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. हलक्या मिश्रधातूचे, पाणतीरासारखे निमुळते अंग हे त्या गाडीचे वैशिष्ट्य होते. चालकाचे धड मात्र त्या निमुळत्या अंगाच्या बाहेर वाऱ्यात उभे राही, त्यामुळे रचनेचा हेतू काही अंशी निष्फळ ठरे.

यावरून असे दिसते, की विद्युत क्रीडा-मोटारीला पेट्रोलच्या गाड्यांकडून भूतकाळ उसना घेण्याचे कारण नाही. लांबट, निमुळते, वाऱ्याला कमीत कमी विरोध करणारे अंग हेच तिचे मूळ रूप आहे. एकोंकमध्ये चालक मध्यभागी, अंगाच्या आत, पारदर्शक छताखाली बसतो आणि सबंध घडण मागे निमुळती होत जाते. १८९९ मध्ये अपुरी राहिलेली गोष्ट येथे पूर्ण झाली आहे, असे म्हणण्यास आधार आहे. म्हणून एकोंकचे रूप वेषापेक्षा स्मृतीच्या अधिक जवळ आहे.

वजनाचा प्रश्न

विद्युत मोटारीची खरी अडचण वजनाची आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिनातील अपव्यय वजा जाता त्यातील साधारण तीन किलोवॅट-तास चाकांपर्यंत पोहोचते. एक किलो लिथियम बॅटरीत मात्र पाव किलोवॅट-तासाच्या आतबाहेरच ऊर्जा साठते. विद्युत मोटर कितीही कार्यक्षम असली तरी ही तफावत भरून निघत नाही. पल्ला वाढवावा तर बॅटरी वाढते, बॅटरी वाढली की वजन वाढते आणि वाढलेले वजन ओढण्यास पुन्हा मोठी बॅटरी लागते.

अमेरिकेच्या टेस्ला कंपनीची २००८ ची रोडस्टर या चक्राचा नमुना आहे. ती लोटस एलिस या हलक्या ब्रिटिश गाडीवर आधारित होती. मूळ एलिसचे वजन ९०० किलोंच्या आत, तर रोडस्टरचे सुमारे १,३०० किलो झाले. एकट्या बॅटरीचे वजन ४५० किलोंच्या आसपास होते. हलक्या गाडीचे रूप राहिले, हलकेपणा गेला.

दुसरे उदाहरण मुंबईच्याच भांडवलाचे आहे. महिंद्रा समूहाने इटलीची पिनिनफारिना ही ख्यातनाम आरेखन संस्था ताब्यात घेतली आणि २०१८ मध्ये ऑटोमोबिली पिनिनफारिना ही स्वतंत्र कंपनी उभी केली. संस्थापक बातिस्ता फारिना यांच्या नावाची ‘बातिस्ता’ ही विद्युत मोटार २०१९ मध्ये प्रदर्शित झाली. तिची शक्ती सुमारे १,९०० अश्वशक्ती आणि वजन दोन टनांच्या घरात आहे. एकोंकसाठी कंपनीने जाहीर केलेले आकडे ७२२ अश्वशक्ती आणि ७३८ किलो असे आहेत.

या दोन गाड्यांची तुलना मार्मिक आहे. शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर दोहोंत जवळपास सारखे, म्हणजे किलोमागे सुमारे एक अश्वशक्ती आहे. केवळ गुणोत्तर पाहणाऱ्या समीक्षेला दोन्ही सारख्याच वाटतील. परंतु ताशी १०० किलोमीटर वेगाने धावताना बातिस्ताच्या अंगी एकोंकच्या अडीच पटींहून अधिक गतिज ऊर्जा असते. ती ऊर्जा आधी बॅटरीने पुरवावी लागते आणि नंतर ब्रेक व टायर यांनी सोसावी लागते. एक गाडी शक्ती वाढवून वेग मिळविते, दुसरी भार टाकून. या दोन वृत्ती भिन्न आहेत आणि एकोंकचे मोल दुसऱ्या वृत्तीत आहे.

‘एकोंक’ : गुण आणि मर्यादा

एकोंकचा हलकेपणा तीन त्यागांतून आला आहे. पहिला त्याग धातूच्या अंगाचा. त्या जागी कार्बन तंतूचे अंग आले. दुसरा त्याग दुसऱ्या आसनाचा. तिसरा आणि महत्त्वाचा त्याग बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवप्रणालीचा. नळ्या, पंप आणि द्रव यांचा भार टाळून बॅटरी थेट हवेने थंड करण्याची योजना कंपनीने अवलंबिली. यंत्रात भर घालून प्रश्न सोडविण्यापेक्षा यंत्रातून काही काढून टाकून तो सोडविणे, ही उत्तम कारागिराची खूण आहे. या बाबतीत एकोंक खचितच प्रशंसनीय आहे.

मर्यादाही याच त्यागांत दडलेल्या आहेत. ताशी ३०९ किलोमीटर हा जाहीर केलेला कमाल वेग आणि २.५४ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर हा आकडा इंदूरजवळच्या पीथमपूर येथील नॅट्रॅक्स या चाचणीकेंद्राशी निगडित आहे. तेथील ११.३ किलोमीटरची वर्तुळाकार धावपट्टी आणि सातपुड्याच्या अलीकडचा तालुक्याचा रस्ता यांत मोठे अंतर आहे. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. बाहेरची हवाच इतकी तापलेली असताना हवेने बॅटरी कितपत थंड राहील, हा प्रश्न वऱ्हाडातील वाचकाच्या मनात प्रथम येईल. धावपट्टीवरील काही क्षणांच्या वेगातून त्याचे उत्तर मिळत नाही. हलकेपणाची खरी परीक्षा भर दुपारच्या दीर्घ प्रवासात होते.

नाव येथले, रूप तिथले

एकोंकचे नाव कंपनीने भारतीय परंपरेतील आदिप्रकाशाच्या कल्पनेशी जोडले आहे. याच कंपनीने २०१८ मध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथे मांडलेल्या गाडीचे नाव ‘शूल’ असे होते. त्यात शिवाच्या त्रिशूळाचा संदर्भ होता. मात्र या नावांचा गाडीच्या घडणीशी संबंध दिसत नाही. निमुळते अंग युरोप-अमेरिकेच्या वेगविक्रमांच्या परंपरेतून आलेले आहे.

ही विसंगती नवी नाही. अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सने २००० नंतरच्या दशकात एक हलकी रोडस्टर बाजारात आणली. तिचे अंग काचतंतूचे होते आणि इंजिन अँबेसेडरमध्ये वापरले जाणारे १.८ लिटरचे इसुझू बनावटीचे होते. चिंकारा हे दख्खनच्या माळरानावरील चपळ हरणाचे नाव. गाडीचे रूप मात्र कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणलेल्या लोटस सेव्हनचे होते. हरणाच्या नावाने हलकेपणाचे सूचन झाले, परंतु आठवण इंग्लंडची जागविली गेली.

उसने रूप हा मुळात दोष नव्हे, हे चेतकच्या उदाहरणाने दाखविले आहे. दोष आहे तो वापराच्या अभावात. धावपट्टीपुरते उरलेले रूप लोकस्मृतीत मुरत नाही आणि देशी नाव ही उणीव भरून काढू शकत नाही.

वऱ्हाडी निकष : रेंगी आणि छकडी

वऱ्हाडात बैलगाडीचे प्रकार कामानुसार ठरत. माल वाहण्यासाठी बंडी, माणसांच्या प्रवासासाठी दमणी आणि त्याहून आटोपशीर व चपळ अशी रेंगी. लग्नाला वा यात्रेला निघताना रेंगी जुंपली जाई. पावसाळ्यात काळ्या मातीत जड चाक रुतते, त्यामुळे हलकेपणा ही चैन नसून गरज होती. गावचा सुतार बाभळीच्या लाकडातून चाक घडवी आणि मोडलेला आरा तेथेच बदलून मिळे.

या परंपरेचे क्रीडारूप म्हणजे शंकरपट. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट सर्वश्रुत आहे. न्यायालयीन बंदीमुळे २०१४ पासून थांबलेल्या या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. पटाच्या छकडीत अनावश्यक असे काहीच नसते : दोन चाके, धुरा, जू आणि धुरकऱ्यापुरती जागा. एका माणसासाठी, काही सेकंदांच्या धावेसाठी, सर्व भार टाकून घडविलेले हे वाहन तत्त्वतः एकोंकचेच पूर्वरूप आहे. गंमत अशी की एकोंकच्या निर्मितीला हे पूर्वरूप अपरिचित असावे असेच तिच्या घडणीवरून वाटते.

परंतु एक भेदही नोंदविला पाहिजे. छकडीच्या मागे रेंगी होती आणि रेंगीच्या मागे बंडी. पटाच्या मैदानातील हलकेपणा आणि घरच्या वाहनातील हलकेपणा एकाच सुताराच्या हातून येत असे. एकोंकच्या मागे अशी साखळी अद्याप नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकापासून ‘मीरा’ ही लहान मोटार घडविण्याचा जो चिवट प्रयत्न केला, त्यात ती साखळी सुरू होण्याची शक्यता होती. ती मोटार सर्वांच्या वापरात येऊ शकली नाही. मात्र तिची आठवण ठेवणे हेही एक प्रकारचे रेट्रो आहे आणि ते अधिक फलदायी ठरले असते.

निष्कर्ष

१. एकोंकचे जुने रूप हे निव्वळ आवरण नाही. ते वाऱ्याच्या विरोधाशी आणि वजनाशी निगडित असल्याने त्याला स्मृतीचे मोल आहे.

२. विद्युत मोटारीच्या समीक्षेत शक्ती-वजन गुणोत्तर पुरेसे नाही. निव्वळ वजनाचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. या कसोटीवर एकोंक बातिस्तापेक्षा सरस ठरते.

३. देशी नावाने रूप देशी होत नाही. ते वापराने होते. शूल, एकोंक आणि चिंकारा यांची नावे येथली असली तरी त्यांचे रूप अद्याप लोकजीवनात उतरलेले नाही.

४. एकोंकचा हलकेपणा महागड्या द्रव्यातून आणि एकआसनी मर्यादेतून आलेला आहे. भार काढून टाकण्याची तिची वृत्ती जेव्हा दुचाकी, मालवाहू तीनचाकी आणि लहान प्रवासी मोटारीत उतरेल, तेव्हाच तिचे कार्य सफल झाले असे म्हणता येईल.

तेल्हाऱ्यासारख्या गावात एकोंक कधी येईल हा प्रश्न गौण आहे. तिच्यातील वजनाचा विवेक येथल्या रस्त्यावर धावणाऱ्या विद्युत वाहनांत येतो की नाही, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे आणि पुढील आरेखनाचे मूल्यमापन त्यावरूनच करावे लागेल.