नकाशातील रेषा आणि नकाशातील नावे

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १९०७ साली प्रसिद्ध केलेले ‘माउंट व्हिटनी’ हे नकाशापत्र पूर्व कॅलिफोर्नियातील ओवेन्स नदीच्या खोऱ्याचा एक भाग दाखविते. भूरूपाचे चित्रण म्हणून ते वाखाणण्याजोगे आहे. सिएरा नेवाडाच्या कड्यांवर समोच्च रेषा एकमेकींस भिडतात, आणि सुमारे ४,००० फूट उंचीच्या शुष्क तळभूमीवर त्या विरळ होतात. परंतु स्थलनामांचे साधन म्हणून त्याकडे पाहू लागताच एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. समोच्च रेषा मोजून काढलेली असते. नाव ऐकून घेतलेले असते, आणि ते कोणाकडून ऐकले हे नकाशा सांगत नाही.

खोऱ्याचेच नाव पाहावे. रिचर्ड ओवेन्स हा फ्रेमाँटच्या १८४५ च्या मोहिमेतील सहकारी. हे खोरे त्याने कधी पाहिलेही नव्हते. अलाबामा टेकड्या व कीअरसार्ज शिखर ही नावे यादवी युद्धातील दोन शत्रुनौकांची होत. १८६४ साली फ्रान्सच्या किनाऱ्यालगत दुसरीने पहिलीस बुडविले; उभय पक्षांच्या येथील अनुयायांनी तो कलह या वाळवंटावर कोरून ठेवला. पायूट लोक मात्र या प्रदेशास ‘पायाहूनाडू’, म्हणजे वाहत्या पाण्याची भूमी, म्हणत. खोऱ्याच्या उत्तर भागात ते ओढ्यांना बांध घालून, पाट काढून रानकंदांस पाणी देत, हे ज्यूलियन स्ट्यूअर्ड यांनी १९३० साली दाखवून दिले. ‘जॉर्जेस क्रीक’ या नावात एका पायूट प्रमुखाची स्मृती उरली आहे खरी. पण तीही इंग्रजी नावाने.

प्रचलित नावे नोंदविणे हेच नकाशाकाराचे काम, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. दोष नकाशाकाराचा नसून, नाव प्रथम छापले गेले तो काळ हाच त्या स्थळाच्या नामेतिहासाचा आरंभ मानणाऱ्या अभ्यासकाचा आहे.

१९१३ मध्ये लॉस एंजेलिसची जलवाहिनी सुरू झाली आणि नदीचे पाणी शहराकडे वळले. पुढच्या दशकात दक्षिणेकडील ओवेन्स सरोवर कोरडे पडले. त्याचे नाव मात्र टिकले. निळी रेषा निदान पुन्हा तपासता येते. नावाची तपासणी करावयाची तर त्या भूमीच्या मूळ भाषेकडेच जावे लागते.