संशोधन-प्रस्तावातील चमू : नोंद कोणाची?

अनुदानासाठी सादर होणाऱ्या संशोधन-प्रस्तावात प्रमुख अन्वेषक व सह-अन्वेषक यांच्या परिचयास पानेच्या पाने दिली जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्पांच्या अर्जात क्षेत्रकार्य व ‘हायरिंग सर्व्हिसेस’ ही खर्चाची शीर्षे असत. परिणामी प्रत्यक्ष शिवारात माहिती देणारे व गोळा करणारे लोक प्रस्तावात नावाने नव्हे, रकमेने प्रवेश करीत.

वरूड तालुक्यातील संत्र्यावरील एखादा प्रस्ताव विचारात घ्यावा. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधणारा शेंदुरजनाघाटचा कारागीर आणि आंबिया बहारासाठी बागेला ताण किती द्यावा हे जमीन पाहून ठरविणारा बागायतदार यांना केवळ ‘माहितीदाता’ म्हणणे कितपत योग्य? बागेची निवड व निरीक्षणाचा काळ त्यांच्याच सांगण्यावरून ठरत असेल, तर ते संशोधनाच्या आराखड्यात सहभागी आहेत. याउलट, केवळ वजन पडावे म्हणून घातलेले एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाचे नाव गाळल्याने आराखड्यातील एक ओळही बदलत नाही. (अशी नावे घालण्याची रीत सर्वपरिचित आहे.)

या संदर्भात दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण बोलके आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावच्या या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ मध्ये आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या व पुढे अनेक हंगाम निवड करून ‘एचएमटी’ हे वाण सिद्ध केले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित झाले. आपणास श्रेय मिळाले नाही, अशी खोब्रागडे यांची तक्रार होती. विद्यापीठाचा भर बियाण्याच्या शुद्धीकरणावर होता. शुद्धीकरण हेही शास्त्रीय कामच होय, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र शुद्धीकरणासाठी जे हाती आले, ते एका माणसाच्या निवडीचे फळ होते. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. तथापि पुरस्काराने आरंभीच्या कागदातील उणीव भरून निघत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यालाही वाण-पैदासकार मानले. प्रस्तावांचे नमुने मात्र पदवी व प्रकाशनांची यादी मागण्यापलीकडे फारसे गेले नाहीत.

सर्वांचीच नावे घालावीत, असा याचा अर्थ नव्हे. रोजंदारीवर फळे मोजणाऱ्यास चमूत दाखविले, तर त्याच्यावर नसलेली जबाबदारी येते. शिवाय नावासोबत संमती, मानधन आणि निष्कर्ष पाहण्याचा हक्क यांचीही नोंद आवश्यक ठरते. बागायतदाराचे नाव त्याला न विचारता अर्जात लिहिणे हा त्याचा सन्मान नसून वापर आहे. आणि ही विचारणा अर्ज पाठविण्यापूर्वी, आराखडा बदलता येण्याजोगा असतानाच व्हावयास हवी.